आनंदा गाडीखाली

"पॅकिंग बदलणं म्हणजे काय, टायरात हवा भरण्याएवढं काम," असं आनंदा पाटील सकाळी चहा पिता पिता बायकोला म्हणाला. एवढ्यावर तो थांबला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तो पुढं म्हणाला, "तू बाजारात जा. दुपारपर्यंत इकडं फिरकू नकोस. हातात काम असलं की मध्ये बोललेलं मला चालत नाही."

कमलनं पिशवी उचलली, समोरच्या घरातून धाकट्या बहिणीला, नूतनला हाक मारली आणि दोघी डिंडोलीच्या बाजाराला निघून गेल्या. नवरा आपणहून 'जा' म्हणतो असे दिवस वर्षात फार येत नाहीत.

आनंदाचा ट्रक जुना होता. सुरतेतल्या नवागामच्या कारखान्यांतून कोऱ्या कापडाचे ताके भरायचे आणि पलसाण्याच्या रंगाई मिलमध्ये नेऊन उतरवायचे, हा त्याचा रोजचा धंदा. ट्रक तसा गुणी. चढाला कुरकुरत नसे, थंडीत अडून बसत नसे. फक्त त्याचा गिअरबॉक्स गळायचा. गिअरबॉक्सच्या बुडाला तेलाचं एक पसरट भांडं असतं, त्याला मिस्त्रीलोक चेंबर म्हणतात. ते भांडं आणि वरचा गिअरबॉक्स यांच्या मध्ये जाड कागदासारखी एक चौकट बसवलेली असते, ते पॅकिंग. आनंदाच्या गाडीचं पॅकिंग कधीच चिरलं होतं. ट्रक जिथं जिथं उभा राहील तिथं तिथं काळं तेल ठिपकायचं, आणि गिअरच्या तेलाचा वास असा की नासक्या लसणालाही लाज वाटावी. अंगाला लागला तर आंघोळीला दाद देत नाही.

गळतीचं आनंदाला विशेष वाटत नसे. पण मिलच्या शेठनं आवारात नव्या लाल विटा बसवल्या, आणि फाटकावरच्या वॉचमनला हुकूम दिला की सोमवारपासून गळणारी गाडी आत घ्यायची नाही. ती मिल हातची गेली तर ट्रक दारात उभा करून त्यावर पापड वाळत घालायचे, एवढंच उरलं असतं.

गाडी गॅरेजला नेणं सोपं होतं. पण गॅरेज लोटूच्या कामाच्या वाटेवर होतं, आणि आपली गाडी तिथं पोट उघडं टाकून उभी आहे हे लोटूला दिसावं, यापेक्षा आनंदानं पापड पत्करले असते.

लोटू म्हणजे नूतनचा नवरा, आनंदाचा साडू. अगदी समोरच्या दारात राहणारा. तो एका कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचा. त्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र आपल्याला नुसत्या आवाजावरून कळतं, अशी त्याची खात्री होती. मागं एकदा नंदुरबारला सासरच्या नात्यात साखरपुडा होता. कुणीतरी पाहुण्यानं आनंदाचा सुरतेचा पत्ता विचारला. आनंदानं तोंड उघडायच्या आत लोटू म्हणाला, "पत्ता कशाला? हायवेला तेलाचा थेंब दिसला की त्याच्या मागं मागं या. थेंब संपले की आमच्या साडूंचं घर." मांडव हसला. आनंदाचा सासराही हसला, आणि ते त्याला फार लागलं. तो म्हणाला, "मागाचा धोटा वेगळा आणि गाडीचा गिअर वेगळा. काही लोकांना ते जन्मभर कळत नाही." यावर कुणीच हसलं नाही, आणि ते लोटूला त्याहून जास्त लागलं.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बहिणी मात्र दिवसभर एकमेकींच्या घरात. भाजीच्या वाट्या इकडून तिकडं, तिकडून इकडं. नवरे आपापल्या ओट्यावर तोंड फिरवून बसत आणि एकाच कढईतली भाजी खात.

तर त्या रविवारी आनंदानं ट्रकच्या चाकांना दगड लावले, पुठ्ठा अंथरला आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेला. जुनं तेल घमेल्यात सोडलं. बोल्ट काढून एका ताटलीत ठेवले. चेंबर खाली घेतलं, पुसलं, जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे पातं घेऊन खरवडले. मग बाहेर येऊन नव्या शीटवर चेंबर ठेवून त्याच्या कडेनं हलक्या हातोडीनं ठोकत पॅकिंग कापलं. हे सगळं त्यानं इतकं नीट केलं की समोर ओट्यावर सुपारी कातरत बसलेल्या लोटूचा अडकित्ता दोनदा थांबला. आनंदानं ते तिरक्या डोळ्यानं टिपलं आणि त्याला स्फुरण चढलं. पॅकिंगच्या दोन्ही अंगांना त्यानं गळती रोखणारं काळं, चिकट सिलिकॉन सढळ हातानं फासलं, चेंबर उचललं आणि पुन्हा गाडीखाली गेला.

चेंबर वर नेलं. गिअरबॉक्सला टेकवलं. नेमकं जागेवर बसलं. दोन्ही तळहातांनी ते वर दाबून धरून त्यानं बोल्टसाठी मान वळवली.

बोल्टांची ताटली बाहेर राहिली होती. बोल्ट डिझेलनं धुवायला त्यानं ती बाहेर नेली होती आणि लोटूच्या ओट्यापुढं ठेवून तो विसरला होता.

खरं म्हणजे चेंबर छातीवर उतरवून, सरपटत बाहेर जाऊन ताटली आणता आली असती. सिलिकॉनला माती लागली असती, पॅकिंग हललं असतं, सगळं पुन्हा करावं लागलं असतं. पण करता आलं असतं. फक्त ते लोटूच्या डोळ्यांदेखत करावं लागलं असतं. म्हणून आनंदा तसाच पडून राहिला. कुणीतरी येईल, अशा आशेनं, दोन्ही हात वर करून, देवाला कोहळा अर्पण करणाऱ्या माणसासारखा.

आली ती मंगलाबाई. गल्लीच्या तोंडाशी राहणारी, देवळाला निघालेली. हातात झाकलेलं ताट.

"आनंदाभाऊ, गाडीखाली आहात का?"

"हो."

"बरं झालं, गाठ पडली. माझं एक कपाट आहे. लेकीकडं पोचवायचंय."

"पोचवतो. आधी तेवढी ती ताटली सरकवा माझ्याकडं."

मंगलाबाईनं वाकून पाहिलं. "ही? सगळी तेलानं माखलीय. माझ्या हातात देवीचा नैवेद्य आहे." मग तिला ओट्यावरचा माणूस दिसला. "लोटूभाऊ, तुम्ही द्या की. तुमच्या पायाशीच तर आहे."

लोटूनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "त्यांनी मला सांगितलंय का?"

मंगलाबाई गाडीखाली वाकली. "तुम्ही त्यांना सांगितलंय का?"

"मी तुम्हाला सांगितलंय."

"ते म्हणतात, मला सांगितलंय."

"ऐकलं मी," लोटू म्हणाला. "मग तुम्ही द्या."

"अहो, मी कशी देऊ? नैवेद्य आहे ना."

"ते त्यांना सांगा."

मंगलाबाई पुन्हा वाकली. आनंदा म्हणाला, "मीही ऐकलं."

"दोघांनाही ऐकू येतंय, तर मला कशाला मध्ये घेताय?" मंगलाबाई म्हणाली. "तिकडं देवीचा नैवेद्य गार होतोय." आणि ती चालू लागली. कोपऱ्यावरून तिनं कपाटाची आठवण मात्र पुन्हा करून दिली.

थोड्या वेळानं आनंदाच्या खिशातला फोन वाजायला लागला. कमलचा होता. तिला गिलकी घ्यायची की वांगी, एवढंच विचारायचं होतं. फोन छातीवर थरथरत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. एरवी पहिल्या रिंगला 'काय आहे' म्हणून खेकसणारा नवरा काहीच बोलत नाही म्हटल्यावर कमलनं हातातलं वांगं टोपलीत परत टाकलं. तिनं नूतनला सांगितलं, आणि नूतननं लोटूला फोन लावला.

"भाऊजी फोन उचलत नाहीत. जरा बघा बरं, कुठं आहेत ते."

लोटूनं समोर पाहिलं. 'तुझ्या भाऊजींचे हात अडकलेत,' असं सांगता आलं असतं. पण त्यातून आपण मघापासून साडूचं काम टक लावून बघत होतो हे कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून त्यानं ओट्यावरून नुसतं जेवढं दिसत होतं तेवढंच सांगितलं.

"गाडीखाली आहेत."

"मग बोलत का नाहीत?"

"माझ्याशी कधी बोलतात?"

"अहो, पण ठीक आहेत ना?"

"मला इथून पाय दिसतायत."

"मग?"

"हलत नाहीत," लोटू म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

डिंडोलीच्या बाजारात नूतननं बहिणीचा दंड धरला. घाबरल्यावर माणूस घरची बोली बोलतो. ती अहिराणीत म्हणाली, "ताई, भाऊजी गाडीखाल शेतस. पाय हाली नही ऱ्हायनात."

गाडीखाली आहेत, पाय हलत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पण भाजी तोलणारी सुंदरा बीडकडची. तिला 'गाडी' कळलं, 'पाय' कळलं, आणि 'शेतस' मधलं शेत कळलं. तिनं शेजारच्या कांदेवाल्याला सांगितलं, "ह्या बाईच्या मालकाची गाडी शेतात पलटली. पाय गेले." कांदेवाल्यानं रिक्षावाल्याला हिंदीत सांगितलं की ड्रायव्हर गाडीखाली आला. रिक्षावाल्यानं दोघी बहिणींना आत घेतलं, हॉर्नवर हात ठेवला आणि वाटेत जो ओळखीचा दिसेल त्याला गुजरातीत ओरडून सांगितलं. गुजरातीत पोचेपर्यंत आनंदाची आशा फार थोडी उरली होती.

इकडं गल्लीत शांतता होती. आनंदाचे दंड भरून आले होते. गिअरबॉक्समध्ये उरलेलं तेल त्याच्या कपाळावर सावकाश ठिपकत होतं आणि त्याला ते पुसता येत नव्हतं. लोटूला साडूचे गुडघे थरथरताना दिसले. तो उठला. इकडं तिकडं पाहिलं. मग पायाच्या अंगठ्यानं त्यानं ताटली गाडीकडं थोडी सरकवली आणि पुन्हा जागेवर येऊन बसला.

आनंदानं ते पाहिलं. त्यानं पाहिलं हे लोटूनंही पाहिलं. ताटली अजून हाताच्या टप्प्यात नव्हती. लोटू पुन्हा उठण्याच्या बेतात होता, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षाचा हॉर्न ऐकू आला, आणि रिक्षेमागून मोटारसायकली, आणि मोटारसायकलींमागून पळत येणारी माणसं.

कमल रिक्षेतून उतरली ती पिशवीतली गिलकी सांडत. तिला फक्त गाडी आणि गाडीखालून आलेले दोन पाय दिसले. तिनं हंबरडा फोडला. त्या आवाजानं आनंदाचे पाय दचकून हलले.

"जीव आहे!" कुणीतरी ओरडलं. "ओढा!"

दोघांनी डावा पाय धरला, दोघांनी उजवा.

"ओढू नका!" गाडीखालून आनंदाचा आवाज आला. "सोडा मला! सगळं निसटतंय माझ्या हातातून!"

हे ऐकून लोकांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी जास्त जोर लावला.

आनंदा बाहेर आला तो चेंबर छातीवर घेऊन. नवं पॅकिंग त्याच्या एका गालापासून कानामागपर्यंत चिकटलं होतं, मिशीत काळं सिलिकॉन होतं आणि उरलेलं तोंड तेलानं चकाकत होतं. कमल त्याच्यावर कोसळली. मग वास आला. तो वास तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तिनं रडणं थांबवलं, नवऱ्याचे हात मोजल्यासारखे चाचपले, पाय चाचपले, आणि उठून उभी राहिली.

"फोन का नाही उचलला?" ती म्हणाली.

"हातात काम होतं."

एवढ्यात ॲम्ब्युलन्सही आली. ती कुणी बोलावली हे शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्याबरोबरच्या माणसानं आलोच आहोत तर म्हणून आनंदाचा रक्तदाब पाहिला आणि मीठ कमी खायला सांगितलं. डिंडोलीहून पांढरे कपडे घालून आलेले दोन लांबचे नातेवाईक कोपऱ्यात अवघडून उभे होते. एवढ्या धावपळीनं माणसं आली, त्यांना तसंच कसं पाठवायचं? म्हणून कमलनं मोठ्या पातेल्यात चहा टाकला.

चहा पोटात गेल्यावर लोकांना दुसरी गोष्ट आठवली. मेलं तर कुणीच नव्हतं. मग हे झालं कुणामुळं?

नूतन नवऱ्यापुढं उभी राहिली. "तुम्ही इथं बसून सुपारी कातरत होता?"

"मी खोटं काहीच सांगितलं नाही," लोटू म्हणाला.

"साडू म्हणायचं की वैरी?" पांढऱ्या कपड्यांतला एक जण म्हणाला. माणसं मान हलवू लागली. लोटू ओट्याच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला होता. आनंदाला वाटलं होतं की असा दिवस आला तर आपल्याला फार बरं वाटेल. पण तसं काही वाटेना.

तो मिशीतलं सिलिकॉन ओरबाडत म्हणाला, "त्यांनी बरोबरच सांगितलं. गाडीखाली होतो. पाय हलत नव्हते. आणि ताटली त्यांनी माझ्याकडं सरकवली होती."

लोटूनं खाली पाहिलं.

"पुरती नव्हती सरकवली," तो म्हणाला.

"सरकवणार होतात. मी पाहिलं."

"उठत होतो खरा."

"हां. मग?"

एवढंच. कमलनं नूतनकडं पाहिलं आणि चहाचा एक कप लोटूच्या हातात दिला.

शीट अजून अर्धं उरलं होतं, पण सिलिकॉनची नळी रिकामी झाली होती. लोटू गेला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी घेऊन आला. मग दोघेही गाडीखाली गेले. आता पुठ्ठ्यावर चार पाय दिसत होते आणि गल्ली ऐकत होती.

"सरळ धरा."

"धरलंय."

"तिकडून थोडं वर."

"समोरासमोरचे बोल्ट आवळा. एका बाजूनं आवळत गेलात तर वाकडं बसेल."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे तर मग तसं करा."

बराच वेळ पान्याचा आवाज येत राहिला. मग लोटू म्हणाला, "साखरपुड्यात मी बोललो ते…"

"थेंब पडत होतेच."

"पडत होते. पण मांडवात बोलायला नको होतं."

"धोटा आणि गिअर दोन्ही तुम्हाला कळतात," आनंदा म्हणाला. "तो बोल्ट द्या."

दोघं बाहेर आले तेव्हा एकसारखे काळे झाले होते. गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरला. संध्याकाळी पाहिलं तर पुठ्ठ्यावर एक थेंब नाही. गल्लीतली माणसं येऊन वाकून बघून गेली. लोटू प्रत्येकाला सांगत होता की आवळताना समोरासमोर आवळावं लागतं, आणि आनंदा शेजारी उभा राहून मान डोलवत होता. मंगलाबाईनं बघून कपाटाचा दिवस पक्का केला.

कमल हात पुसत बाहेर आली. तिनंही वाकून पाहिलं.

"आणि तेल कुठून भरतात?" तिनं विचारलं.

दोघा साडूंनी एकमेकांकडं पाहिलं. गर्दीत कुणीतरी लाथाडलेलं तेलाचं घमेलं भिंतीशी उपडं पडलं होतं. लोटू पुन्हा दुकानाकडं निघाला, आणि या खेपेला आनंदाही त्याच्याबरोबर गेला.

सकाळी पुठ्ठा कोरडा होता. तेल भरूनही कोरडा होता. आनंदानं कारखान्यातून ताके भरले आणि तो पलसाण्याला निघाला. लोटूनं कामावर खाडा केला आणि पॅकिंगचा आवाज ऐकायला म्हणून तो शेजारी बसला. पॅकिंगला आवाज नसतो, पण आनंदानं त्याला ऐकू दिलं. हायवेला लोटूनं दोनदा गाडी थांबवायला लावली, दोनदा खाली वाकून पाहिलं आणि दोनदा समाधानानं वर चढला.

मिलच्या फाटकावर वॉचमननं हात केला. तो उत्तर प्रदेशातला होता, आणि हुकमाचा पक्का. त्यानं गुडघे टेकले, बॅटरी लावून गाडीचं पोट शेवटपर्यंत पाहिलं, बोटानं चेंबर पुसून बोट नाकाला लावलं.

"सूखा है," तो म्हणाला.

आनंदानं लोटूकडं पाहिलं. लोटू काचेतून बाहेर बघत होता, पण त्याचे कान हसत होते.

मग वॉचमन ड्रायव्हरच्या दाराशी आला, आणि आनंदाचा चेहरा पाहून एक पाऊल मागं सरकला. "आप? आप तो कल गाडी के नीचे आ गए थे."

"कुणी सांगितलं?"

"सबको पता है." त्यानं आवाज खाली आणला. "सेठजी को बहुत दुख हुआ. हफ्ते भर का माल दूसरी गाडी को दे दिया. बोले, बेचारे को आराम करने दो, हफ्ते भर गाडी अंदर मत लेना. मंदिर में नारियल भी फोडा." त्यानं खिशातून कागदाची पुडी काढून खोबऱ्याचा तुकडा पुढं केला. "लीजिए. आप ही के नाम का है."

आनंदानं तुकडा घेतला. मागं ताके भरलेले, खाली कोरडं चेंबर, आणि समोर बंद फाटक. लोटूला हे सहन झालं नाही. तो खिडकीतून अर्धा बाहेर आला. एरवी मागाच्या आवाजातही ऐकू जाईल असा त्याचा आवाज.

"अरे भाई, ये गाडी के नीचे थे. आए नहीं थे."

वॉचमननं विचार केला. "नीचे थे ना?"

"थे."

"तो वही तो," वॉचमन म्हणाला. त्यानं आनंदाच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला आणि गाडी वळवायला जागा करून दिली. "धीरे से जाइए. पैर पे जोर मत देना."

आनंदानं खोबरं तोंडात टाकलं आणि क्लच दाबला.